स्वस्तातला लॅपटॉप सुरू व्हायला सहा मिनिटं लावतो. पैसे नक्की कशावर घालायचे?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. लॅपटॉप १५.६ इंची, सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज ११ होम. बटण दाबल्यापासून पासवर्डची पाटी यायला दोन मिनिटांच्या वर जातात. पासवर्ड टाकल्यावर आणखी तीन-चार मिनिटं काहीच उघडत नाही, टास्क मॅनेजरात डिस्क १०० टक्के दिसते. मुलीचं कॉलेजचं काम यावरच, आणि सेवा सिंधू या कर्नाटक सरकारच्या पोर्टलवरचे अर्ज, पहाणीचे म्हणजे जमिनीचे उतारे, जीएसटीची डिजिटल सही हेही यावरच. मराठी-कन्नड दोन्ही टाइप करावं लागतं म्हणून नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर घातलंय.

विचारलं तर तिघांचे तीन सल्ले: रॅम वाढवा, फॉरमॅट मारा, लॅपटॉपच बदला. व्हिडिओंत सांगतात की एमएसकॉन्फिगमध्ये (विंडोज कसा सुरू व्हावा त्याच्या सेटिंग्जमध्ये) प्रोसेसरची संख्या वाढवा आणि प्रीफेच फोल्डर रिकामं करा. साडेतीन हजारांपर्यंत खर्च करता येईल. आधी कशाला हात घालू? पावसाळ्यात लाइट सारखी जाते आणि बॅटरी वीस मिनिटंसुद्धा धरत नाही. त्याचा याच्याशी काही संबंध असेल तर तेवढं सांगा की.

शहापूर_पेठ

अण्णा, पैसे खर्च करायच्या आधी ही सहा मिनिटं कुठं जातात ते मोजून घ्या. लॅपटॉप सुरू होण्याचे तीन टप्पे असतात. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, औषधही वेगळं.

पहिला टप्पा बायोसचा. विंडोजला हात लागण्याआधी मदरबोर्ड स्वतःची तपासणी करतो तो वेळ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि स्टार्टअप ॲप्सच्या पानावर जा. उजव्या कोपऱ्यात 'लास्ट बायोस टाइम' म्हणून सेकंद लिहिलेले दिसतील. दहाच्या आत असतील तर तिकडे बघायचं कारण नाही.

दुसरा टप्पा विंडोज आणि ड्रायव्हर चढून डेस्कटॉप दिसेपर्यंतचा. तिसरा डेस्कटॉप दिसल्यापासून मशीन शांत होईपर्यंतचा. हे दोन्ही विंडोज स्वतः मिलिसेकंदांत लिहून ठेवतो. स्टार्टवर उजवं क्लिक करून इव्हेंट व्ह्यूअर उघडा. डावीकडे ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, त्यात मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स आणि शेवटी ऑपरेशनल. त्यातली १०० क्रमांकाची नोंद उघडून डिटेल्समध्ये 'मेनपाथ बूटटाइम' आणि 'बूट पोस्टबूट टाइम' हे दोन आकडे बघा. हजाराने भागलं की सेकंद. त्याच यादीत १०१ क्रमांक म्हणजे एखाद्या प्रोग्रामनं उशीर केला, १०२ म्हणजे ड्रायव्हरनं, १०३ म्हणजे सर्व्हिसनं. नावासकट लिहिलेलं असतं, अंदाज बांधावा लागत नाही.

मोजताना एक चूक हमखास होते. विंडोजात 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर नेहमीचं शट डाउन म्हणजे पूर्ण बंद नव्हे. विंडोजचा गाभा डिस्कवर एका फाइलीत लिहून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तीच फाइल परत वाचली जाते. म्हणून शट डाउननंतरचा वेळ आणि रीस्टार्टनंतरचा वेळ वेगवेगळे येतात. खरा, पूर्ण वेळ हवा असेल तर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा आणि मग बटण दाबा. दोन-तीनदा करून मधला आकडा धरा. अपडेट बसलेल्या दिवशीचा आकडा धरू नका.

जांबोटी_रोड

मोजलं. लास्ट बायोस टाइम २३.४ सेकंद. मेनपाथ १,१८,०००, पोस्टबूट २,२४,०००. १०१ च्या नोंदी बऱ्याच आहेत: क्लाउडची फाइल सिंक, मीटिंगचं ॲप, प्रिंटरचं काहीतरी आणि लॅपटॉपसोबत आलेला अँटिव्हायरस. त्याची मुदत संपलीय, रोज पैसे भरा म्हणून पाटी येते.

शहापूर_पेठ

हिशेब लागला बघा. बायोस २३, विंडोज ११८, त्यानंतरची घासाघीस २२४. एकूण ३६५ सेकंद, म्हणजे सहा मिनिटांवर पाच सेकंद.

बायोसचे २३ फुकटात कमी होतील. इतका वेळ लागण्याचं नेहमीचं कारण म्हणजे बूटच्या क्रमात नेटवर्क वर बसलेलं असतं. लॅपटॉप आधी लॅन केबलवरून कुणी विंडोज देतंय का याची वाट बघतो आणि कुणी दिलं नाही की डिस्ककडे वळतो. बायोसमध्ये जाऊन 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा आणि नेटवर्क बूट किंवा पीएक्सई बंद करा. 'फास्ट बूट' असेल तर चालू करा. बायोसची कळ एचपीला एफ१०, डेल, एसर आणि आसूसला एफ२, लेनोव्होला एफ२ किंवा कडेचं टाचणीनं दाबायचं बारीक बटण. कळ लागतच नसेल तर शिफ्ट धरून रीस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज.

बायोसला हात लावायच्या आधी एक गोष्ट करा. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. विंडोज ११ होममध्येही ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. बायोसमधली सिक्युअर बूट किंवा टीपीएम ही सुरक्षेची सेटिंग्ज बदलली, बायोस अपडेट केला, की पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच काढून वहीत लिहून ठेवा. खातं कुणाच्या ईमेलवर उघडलं होतं हेच आठवत नसेल तर डेटा गेलाच समजा, इथं दुसरी वाट नाही.

पेनड्राइव्ह, डोंगल, डिजिटल सहीचं (डीएससी) टोकन लावूनच लॅपटॉप सुरू करायची सवय असेल तर तीही सोडा. बायोस प्रत्येक यूएसबी चाचपून बघतो.

उद्यमबाग_बेंच

मोठा रोग डिस्कचा आहे. तो का, हे एकदा आकड्यांत समजून घ्या, म्हणजे दुकानात कुणी भुलवणार नाही.

स्वस्तातल्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. एका फेऱ्याला ११.१ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ५.६. सुई त्या पट्ट्यावर नेऊन ठेवायला साधारण १२. एक तुकडा शोधायला १७-१८ मिलिसेकंद गेले, सेकंदाला ५५ ते ६० तुकडे. तुकडा ४ केबीचा धरला तर सेकंदाला जेमतेम सव्वादोनशे केबी. डब्यावर 'सेकंदाला १०० एमबी' लिहिलेलं असतं ते एकच मोठी फाइल सलग वाचताना. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली डिस्कभर विखुरलेल्या असतात आणि पासवर्ड टाकल्यावर दहा-पंधरा प्रोग्राम एकदम त्याच एका सुईवर तुटून पडतात. डिस्क १०० टक्के दिसते आणि वाचलेला डेटा मात्र सेकंदाला एक-दोन एमबी, तो याचमुळे.

एसएसडी म्हणजे चिपवर डेटा ठेवणारी डिस्क. तिच्यात फिरणारा भाग नाही, सुई नाही. साधी साटा (जुन्या पद्धतीच्या जोडणीची) एसएसडीसुद्धा सेकंदाला असे हजारो तुकडे देते. म्हणून तुमच्या साडेतीन हजारांतला पहिला रुपया एसएसडीला. रॅम नंतर.

घेताना काय घ्यायचं ते तळाचं झाकण काढून आत बघितल्यावरच ठरतं. आत दोन शक्यता. हल्लीची डिस्क २.५ इंची आहे, तर त्याच जागी २.५ इंची, ७ मिमी जाडीची साटा एसएसडी डोळे झाकून बसते. किंवा मदरबोर्डवर एम.२ ची मोकळी फट असेल. तिथं २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब पट्टी बसते, पण ती फट साटाची की एनव्हीएमईची (नव्या, जास्त वेगाच्या जोडणीची) हे मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पट्टी घेऊ नका. दोन्ही दिसायला सारख्या असतात, फटीत जातातही, आणि बायोसला दिसत नाहीत. दुकानदार उघडलेला माल परत घेत नाही. एम.२ चा बारीक स्क्रू बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत दिलेलाच नसतो. एम२ मापाचा, ३ मिमी लांबीचा मागून घ्या.

एनव्हीएमई म्हणून जास्त पैसे मोजू नका. एन४०२० मध्ये पीसीआय एक्स्प्रेसची दुसरी पिढीच आहे, महागडी पट्टी तिथं अर्ध्या ताकदीनंही चालत नाही. सुरू होण्याच्या वेळेत साटा आणि एनव्हीएमई यांच्यात दोन-चार सेकंदांचाच फरक. माझं मत स्पष्ट आहे: २४० किंवा २५६ जीबीची, नाव असलेल्या कंपनीची, पक्क्या जीएसटी बिलावरची साटा. वॉरंटी बिलावरच चालते, त्यामुळे खडेबाजारात घ्या, कोल्हापुरात घ्या की ऑनलाइन मागवा, बिल जपा. बिननावाची '१ टीबी' स्वस्तात मिळते तिच्या वाटेला जाऊ नका. काहींत खरी जागा लिहिलेल्यापेक्षा कितीतरी कमी असते आणि ती भरली की आधीच्या फाइली नासतात.

आणि आजच एक काम करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उतरवून चालवा. निळं 'गुड' आलं तर ठीक. नाहीतर ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळींचे 'रॉ' आकडे इथं टाका. डिस्क मरायला टेकली असली तरीही सुरू व्हायला असाच वेळ लागतो. मग घाईचं कारण वेगळं होतं.

निपाणीकर

एसएसडी येईपर्यंत २२४ सेकंदांचं बघू. एसएसडी आली तरी हे करावंच लागेल, कारण प्रोसेसर दोनच कोरचा, ६ वॅटचा आहे आणि रॅम ४ जीबी.

मुदत संपलेला अँटिव्हायरस पहिल्यांदा काढा. सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, अनइन्स्टॉल. एवढ्यानं तो पूर्ण निघत नाही. त्याच कंपनीचं साफ करायचं वेगळं टूल तिच्या संकेतस्थळावर मिळतं, ते चालवून रीस्टार्ट करा. मग विंडोज सिक्युरिटी उघडून डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, जागा झालाय ना बघा. दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत डिफेंडर मागे सरतो. मुदत संपलेला असताना त्याची राखण नाही आणि ओझं मात्र आहे.

आता स्टार्टअप ॲप्स. 'डिसेबल' केल्यानं प्रोग्राम जात नाही, फक्त आपणहून सुरू होत नाही. मीटिंगचं ॲप, गाण्यांची ॲप्स, पीडीएफवाल्याचा अपडेटर, प्रिंटरचा शाई दाखवणारा मॉनिटर: सगळे बंद. प्रिंट याशिवायही निघते. ब्राउझरचं मात्र वेगळं बघावं लागतं. एजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम अँड परफॉर्मन्समध्ये 'स्टार्टअप बूस्ट' असतो, तो तिथं जाऊन बंद करा. तसंच सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्समध्ये 'रीस्टार्ट होणारी ॲप्स आपोआप जपून ठेवा' अशा अर्थाचा पर्याय आहे. तो चालू असेल तर काल उघडे राहिलेले टॅब आज पासवर्ड टाकल्या टाकल्या परत उघडायला धावतात.

वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची क्लाउड सिंक, जरा सांभाळून. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स फोल्डर त्याच्या ताब्यात गेले असतील तर काही फाइली नुसत्या ढगाचं चिन्ह असलेल्या, म्हणजे इंटरनेटवर असतात. आधी त्या फाइलींवर उजवं क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करा, पूर्ण उतरू द्या, मगच त्याचं आपोआप सुरू होणं थांबवा.

बंद करू नका ते असं: विंडोज सिक्युरिटीचं चिन्ह, टचपॅडचा प्रोग्राम, आवाजाचा रियलटेक. यांतून सेकंद वाचत नाही आणि बोटांची खूण चालेनाशी झाली की उगाच धावपळ.

तुमच्या कामाचं सांगतो. डीएससी टोकनचा मॅनेजर आणि जीएसटीच्या सहीचा एमसाइनर दोन्ही रोज सुरू व्हायची गरज नाही. बंद केल्यावर सही करायच्या दिवशी आधी हाताने उघडायचे, एमसाइनर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून, आणि मग टोकन लावून पोर्टलवर जायचं. हा क्रम चुकला की पोर्टल सर्टिफिकेट दिसत नाही म्हणतं आणि लोक टोकनच खराब झालं समजतात. नुडीचं ओझं नगण्य आहे, ते राहू द्या. जुन्या नुडी फाँटातल्या फाइली उघडायला ते लागणारच. पण नवीन मजकूर युनिकोडमध्ये लिहायचा असेल तर विंडोजचाच मराठी आणि कन्नड कीबोर्ड जोडा: टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ॲड अ लँग्वेज. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते, वेगळा प्रोग्राम सुरू करायला नको.

कधीकाळी दुरुस्तीसाठी कुणी रिमोटचं सॉफ्टवेअर घालून गेलं असेल तर ते बंद नको, काढूनच टाका. सुरू होताना उठतं हा छोटा प्रश्न. बँकेचं आणि सहीचं काम त्याच लॅपटॉपवर होतं, हा खरा प्रश्न.

जांबोटी_रोड

बायोसमध्ये पहिल्या क्रमांकावर खरंच नेटवर्क होतं! खाली टाकलं. आता लास्ट बायोस टाइम ९.१. रिकव्हरी की आधी लिहून घेतली. अँटिव्हायरस काढला, स्टार्टअप बंद केले, पोस्टबूट १,४०,००० वर आला.

पण क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा रंग आहे. ०५ शून्य, सी५ च्या शेवटी १८, सी६ च्या शेवटीही १८, सी७ शून्य. १८ म्हणजे किरकोळच ना? डिस्कवर ३१० जीबी भरलेलं आहे.

उद्यमबाग_बेंच

किरकोळ नाही. आणि ते १८ नाही, २४ आहे. हा प्रोग्राम रॉ आकडे षोडशमान पद्धतीत, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत दाखवतो. सी५ म्हणजे वाचता येईनात म्हणून डिस्कनं बाजूला धरून ठेवलेल्या जागा. त्यातली एखादी सुरू होताना वाटेत आली की डिस्क पुन:पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तेवढा वेळ सगळं गोठतं. सी७ शून्य आहे म्हणजे केबल बरी आहे, दोष डिस्कमध्येच आहे. इव्हेंट व्ह्यूअरच्या सिस्टिम लॉगमध्ये 'डिस्क' नावाखाली ७ किंवा १५३ क्रमांकाच्या नोंदी सापडतील.

आता क्रम बदला. चेकडिस्क चालवू नका, डीफ्रॅग करू नका, क्लोनिंग म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कलसुद्धा नको. तिन्हींत आजारी डिस्कला तासन् तास घासलं जातं, आणि क्लोन वाचता न येणाऱ्या जागेवर येऊन अडकतो. आधी ज्याची दुसरी प्रत कुठंच नाही ते बाहेरच्या डिस्कवर उतरवा: सातबारा-पहाणीचे स्कॅन, मुलीचं कॉलेजचं काम, फोटो. लहान लहान फोल्डर करून. एखादी फाइल अडली तर 'स्किप' करून पुढं जा, तिच्यासाठी बाकीचं थांबवू नका. सिनेमे शेवटी. ब्राउझरमधले पासवर्ड आणि बुकमार्क वेगळे काढायला विसरू नका.

मग नवी एसएसडी आणि कोरा विंडोज. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' घेऊन विंडोज ११ त्यावर चढवा. लायसन्स की शोधत बसू नका. लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोजची की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते. डिस्क बदलली तरी इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होतो. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. त्याच लॅपटॉपचा वाय-फायचा ड्रायव्हरही कंपनीच्या संकेतस्थळावरून पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

उघडताना: वॉरंटी उरली असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. चार्जर काढा. स्क्रूची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून जिथला स्क्रू तिथंच ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी घातला तर तळव्याखाली कीबोर्डच्या बाजूला फुगा येतो. दोन-तीन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात. झाकण अडलं तर जोर करू नका, राहिलेला स्क्रू शोधा. जुन्या एटीएम कार्डनं कडेनं सोडवत जा, लोखंडी स्क्रूड्रायव्हरनं नको. आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीची पिन काढा आणि पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा.

डिस्क एका पत्र्याच्या चौकटीत असते, दोन्ही बाजूंना मिळून चार स्क्रू. ती चौकट नव्या एसएसडीला लावा. चौकटीशिवाय एसएसडी आत हलत राहते आणि कधीतरी सुटते. डिस्कला पातळ पट्टीची केबल असेल तर सगळ्यात जास्त काळजी तिथं. मदरबोर्डकडची बारीक काळी खिट्टी आधी नखानं उचलायची, मग केबल सरळ ओढायची. खिट्टी न उचलता ओढली की पट्टी फाटते, आणि स्वस्त मॉडेलची ती केबल एसएसडीपेक्षा मिळायला अवघड.

आत आला आहात तर पंखा असेल तर त्यातली धूळ मऊ ब्रशनं काढा. बऱ्याच एन४०२० लॅपटॉपांना पंखाच नसतो, तिथं काही करायचं नाही. आमच्याकडे फाउंड्रीजवळच्या मशिनांत बारीक लोखंडी कीस आत जातो, तो विजेचा वाहक असतो. असा कीस दिसला तर फुंकर मारून पसरवू नका, ब्रशनं टिपून घ्या.

विंडोज चढवताना जुनी डिस्क बाहेरच असू द्या. दोन्ही लावलेल्या असतील तर बूटची फाइल जुन्या डिस्कवर जाऊन बसू शकते. मग जुनी काढल्यावर नवी सुरूच होत नाही. बूट मेनूची कळ एचपीला एफ९, डेल, लेनोव्हो आणि एसरला एफ१२, आसूसला एस्केप. एसरमध्ये एफ१२ आधी बायोसमधून चालू करावी लागते. डिस्क निवडायच्या पानावर 'अनॲलोकेटेड' दिसेल, विभाग न पाडता तेवढंच निवडून पुढं. टचपॅड चालत नसला तर यूएसबी माउस हाताशी ठेवा. वाय-फाय दिसलं नाही तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, तेवढ्यावर सेटअप पुढं सरकतो.

पहिल्या दिवशी वेळ मोजू नका. अपडेट, ड्रायव्हर आणि फाइलींची सूची मागे चालू असते, प्रोसेसर १०० टक्के राहतो. चार-पाच तास चार्जरवर चालू ठेवा आणि मग मोजा. या प्रोसेसरवर बटणापासून डेस्कटॉपपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आसपास आलं तर सगळं नीट बसलं समजा.

चिकोडी_मिंट

व्हिडिओंतल्या उपायांचं राहिलंच. एमएसकॉन्फिगमधली प्रोसेसरची संख्या ही मर्यादा आहे. ती खूण नसली की विंडोज सगळे कोर वापरतोच. २ लिहून काही वाढत नाही. त्याच पाटीवरची 'मॅक्झिमम मेमरी' चुकीची भरली तर लॅपटॉप सुरूच व्हायचा नाही. प्रीफेच फोल्डरात कोणत्या फाइली आधी लागतात याची टिपणं असतात. ती पुसली की पुढचे काही दिवस उलट जास्त वेळ लागतो. रजिस्ट्री क्लीनरनं सुरू व्हायचा वेळ कमी होत नाही, मोडतोड मात्र होते.

सिसमेन (नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी) सर्व्हिस बंद करा असंही सांगतात. फिरती डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल तर थोडा फरक पडू शकतो, एसएसडीवर मात्र तिला हात लावू नका. सुरू होताना दोन विंडोजची निळी यादी ३० सेकंद थांबत असेल तर मात्र तो वेळ कमी करण्यासारखा आहे: सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरीमध्ये ३० चे ३ करा.

सदलगा_कट्टा

मध्येच विचारतो, माफ करा. माझा लॅपटॉप विंडोज ११ ला बसत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट घातला. एसएसडी असूनही सुरू होताना बरोबर दीड मिनिट एकाच जागी थांबतो. 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' असं काहीतरी येतं.

चिकोडी_मिंट

बरोबर दीड मिनिट म्हणजे ९० सेकंद. सिस्टमडी (लिनक्स सुरू होताना बाकी सगळं सुरू करणारा प्रोग्राम) एखाद्या गोष्टीची वाट बघायची ठरावीक मुदत तेवढीच ठेवतो. बहुतेक वेळा जुना स्वॅप विभाग किंवा काढून टाकलेली डिस्क अजून एफएसटॅब फाइलीत, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, नोंदलेली असते आणि ती कधीच सापडत नाही. टर्मिनलमध्ये सिस्टमडी-ॲनालाइझ लिहून पुढं ब्लेम टाका (systemd-analyze blame), कोण किती वेळ खातं त्याची यादी येते. मग एलएसबीएलके -एफ (lsblk -f) चालवून खऱ्या विभागांचे यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक बघा, ईटीसी फोल्डरातल्या एफएसटॅबशी (/etc/fstab) जुळवा आणि न जुळणाऱ्या ओळीच्या सुरुवातीला # घाला. ओळ पुसू नका, चुकलं तर # काढता येतं. दुहेरी बूट असेल तर विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद ठेवा, नाहीतर विंडोजचा विभाग लिनक्समध्ये नुसता वाचता येतो, लिहिता येत नाही.

जांबोटी_रोड

डेटा उतरला, चार फोटो सोडून. एसएसडीची ऑर्डर दिली. दोन राहिलेले प्रश्न: रॅम पुढच्या महिन्यात घालावी का? आणि लाइट जाण्याचं?

शहापूर_पेठ

रॅमनं सुरू व्हायचा वेळ फारसा घटणार नाही, पण ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब आणि पोर्टल उघडल्यावर जो दम लागतो तो कमी होईल. टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरीत 'स्लॉट्स यूज्ड' बघा. रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर विषय संपला. या प्रोसेसरला इंटेलनं जास्तीत जास्त ८ जीबीच सांगितलीय, त्यामुळे १६ ची पट्टी घेऊ नका. डीडीआर४ लॅपटॉपची पट्टी, २६० पिनची, १.२ व्होल्टची. घातल्यावर पहिल्यांदा पडदा काळाच राहतो, बोर्ड नवी रॅम ओळखत असतो. दोन मिनिटं थांबा, घाबरून बटण दाबू नका. त्यानंतरही काळाच राहिला तर बॅटरीची पिन काढून पट्टी परत नीट बसवा. खानापूर-कणकुंबीकडच्या पावसाळी दमट हवेत पट्टीच्या सोनेरी कडा काळवंडतात. पांढऱ्या खोडरबरनं हलक्या हातानं पुसायच्या आणि रबराचा चुरा झटकून मगच बसवायच्या.

लाइटचा संबंध आहे. बॅटरी धरत नाही म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप धाडकन बंद. डिस्कवर लिहिणं चालू असताना वीज तुटली की पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना डिस्क तपासत बसतो. एसएसडी लावल्यावर हा वेळ कमी होईल, पण लिहिणं अर्धवट तुटलं की फाइल नासायची ती नासतेच. म्हणून रॅमच्या आधी बॅटरी बदला, मॉडेल क्रमांक आणि व्होल्ट जुन्या बॅटरीवरून वाचून. ती फुगली असेल, टचपॅड वर आल्यासारखा वाटत असेल, तर बॅटरीसाठी पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

रोज सुरू करताना घड्याळ मागे गेलेलं दिसत असेल, किंवा एफ१ दाबा म्हणून थांबत असेल, तर बोर्डवरचा ३ व्होल्टचा सीआर२०३२ सेल संपलाय. काही लॅपटॉपांत तो वायरसकट येतो, तसाच मागा. तारीख चुकीची राहिली तर सेवा सिंधूसकट एकही सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही आणि इंटरनेटच बिघडलंय असं वाटतं. चार्जर बदललेला असेल तर तेही बघा. काही लॅपटॉप अनोळखी चार्जर ओळखत नाहीत, सुरू होताना एक पाटी दाखवून कळ दाबायची वाट बघतात, आणि पुढं प्रोसेसर मुद्दाम सावकाश चालवतात.

एसएसडी आली की फास्ट स्टार्टअप बंद करून आठवडाभर बघा. फिरत्या डिस्कवर त्याचा फायदा असतो, कारण ती एक फाइल सलग वाचता येते. एसएसडीवर दोन-चार सेकंदांचाच फरक, आणि दर वेळी कोरी सुरुवात मिळते. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरच्या निळ्या ओळीवर क्लिक केल्याशिवाय ती खूण काढता येत नाही.

उद्यमबाग_बेंच

जुनी डिस्क यूएसबीच्या डब्यात घालून बॅकअपसाठी वापरायचा विचार असेल तर नको. ते चार फोटो परत काढायचा प्रयत्न एसएसडीवर विंडोज चढल्यावर, डिस्क डब्यात लावून, एकदाच करा. त्या आधी ती सुरूच करू नका. एसएसडीत ४०-५० जीबी कायम मोकळी ठेवा. काठोकाठ भरली की तीही मंदावते.